मोडी कागदांच्या डिजिटल संग्रहातील दिनांकाचा रकाना

ऐतिहासिक कागदपत्रांचे डिजिटल संग्रह प्रकाशित करणाऱ्या संगणकप्रणालींत प्रत्येक नोंदीसाठी दिनांकाचा एक रकाना असतो. वरवर पाहता तो भरणे सर्वांत सोपे वाटते. मराठी साधनांच्या बाबतीत मात्र तो विशेष सावधगिरीने भरावा लागतो. कारण मूळ कागदावरील मिती आणि संगणकास कळणारी तारीख या दोन भिन्न गोष्टी आहेत.

मराठी कागदांत शालिवाहन शक, राज्याभिषेक शक, शुहूर सन, फसली, हिजरी अशा विविध कालगणना आढळतात. त्यांचे वर्षारंभही निरनिराळे आहेत. शालिवाहन शक चैत्रात, तर शुहूर सन मृगाच्या सुमारास बदलतो. त्यामुळे एखादा ठरावीक आकडा मिळवून इसवी सन काढण्याची रीत फसवी ठरते. पानिपतचा संग्राम शके १६८२च्या पौष शुद्ध अष्टमीस, म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी झाला. शकात सरसकट ७८ मिळविल्यास वर्ष १७६० येते. मराठी फौज मार्च १७६०मध्ये दक्षिणेतून निघाली होती. अर्थात अशा संग्रहात पराभवाची वार्ता कूचाच्या आधी येऊन बसेल! जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या मित्यांसाठी ७९ मिळवावे लागतात.

प्रणालींचे स्वभावही भिन्न आहेत. ओमेका क्लासिकमध्ये दिनांक हा साधा मजकूर मानला जातो. तेथे केवळ मिती लिहिल्यास मांडणी वर्णक्रमाने होते आणि एकाच शकातील कार्तिक चैत्राच्या आधी येतो. ग्रीनस्टोनमध्ये तारीख वर्ष, महिना, दिवस अशा क्रमाने सलग आठ अंकांत द्यावी लागते. तेथे मितीला जागाच उरत नाही. शिवाय देवनागरी अंकांची संगणकीय संकेतस्थाने आंतरराष्ट्रीय अंकांहून वेगळी असल्याने दोहोंची सरमिसळ झाल्यासही क्रम बिघडू शकतो.

यावर उपाय असा की, दिनांकासाठी किमान दोन रकाने योजावेत. पहिल्यात मिती कागदावर जशी आहे तशीच उतरवावी. दुसऱ्यात आयएसओ ८६०१ या प्रमाणानुसार इसवी तारीख आंतरराष्ट्रीय अंकांत द्यावी. हे प्रमाण ग्रेगोरियन पंचांगावर आधारलेले आहे, हे विसरू नये. शिवराज्याभिषेकाची प्रचलित ६ जून १६७४ ही तारीख ज्युलियन आहे. ग्रेगोरियन गणनेने ती १६ जून होते. म्हणून रूपांतर कोणत्या पद्धतीने केले, याची टीपही नोंदीत हवी. कागद स्कॅन केल्याची तारीख या रकान्यांत येता कामा नये; तिचे स्थान स्वतंत्र आहे.

अनेक पत्रांत केवळ तिथी किंवा चंद्र असतो, वर्ष नसते. अशा वेळी संपादक अंतर्गत पुराव्यावरून वर्ष ठरवितो. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या आयएसओ ८६०१च्या दुसऱ्या भागात संदिग्ध वर्षापुढे प्रश्नचिन्ह, अंदाजी वर्षापुढे नागमोडी रेघ आणि कालावधीच्या दोन टोकांमध्ये तिरकी रेघ देण्याची सोय आहे. सर्वच प्रणालींना ही चिन्हे समजत नाहीत. तेव्हा ती निदान टिपेत तरी ठेवावीत. केवळ वर्ष ठाऊक असता रकाना पूर्ण करण्यासाठी एक जानेवारी लिहिणे, हे मात्र कटाक्षाने टाळले पाहिजे.

छापील खंडात संपादकाची शंका तळटीपेत वाचावयास मिळते. डिजिटल संग्रहात वाचक प्रथम शोधाच्या यादीपाशी येतो आणि त्या यादीतील क्रमालाच इतिहासाचा क्रम समजतो. म्हणून संपादकाचा तर्क आणि कागदाची साक्ष यांतील भेद प्रत्यक्ष नोंदीतच राखला गेला पाहिजे.