पांढरी कावीळ आणि तिच्या आडोशाने येणारा 'डेल्टा'

आपल्या जालना जिल्ह्यात कावीळ झाली की पुष्कळजण आधी माळ घालणाऱ्याकडे किंवा झाडपाला देणाऱ्याकडे जातात. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुधा आपोआप बरी होते आणि श्रेय माळेला मिळते. 'पांढरी कावीळ', म्हणजे हिपॅटायटिस बी, मात्र निराळी. ती रक्तावाटे, शरीरसंबंधातून आणि बाळंतपणात आईकडून बाळाला होते. डोळे पिवळे न होताही ती वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम करते. गरोदरपणाच्या तपासणीत किंवा रक्तदानानंतर ती अचानक कळते. त्रास काहीच नाही म्हणून रिपोर्ट पेटीत जाऊन पडतो. घरात लग्न ठरायचे असेल तर मुद्दामच.

अशाच माणसाला आणखी एका विषाणूचा धोका असतो. १९७७ साली इटलीतील तुरीन येथे डॉ. मारिओ रिझेटो यांना बी च्या रुग्णांच्या यकृतात एक अनोळखी घटक आढळला. पुढे तो स्वतंत्र विषाणूचा ठरला. हाच डेल्टा किंवा हिपॅटायटिस डी. आंब्यावर बांडगूळ वाढावे तसा हा प्रकार आहे. (बांडगूळ निदान डोळ्यांना दिसते तरी!) डेल्टाला स्वतःचे बाहेरचे कवच बनवता येत नाही, तो बी चे कवच उसने घेतो. म्हणून ज्याला बी नाही त्याला डेल्टा होत नाही. दोन्ही एकदमच शिरले तर आजार तीव्र होऊ शकतो, पण प्रौढ माणूस बहुधा दोन्हींतून सुटतो. बी आधीच ठाण मांडून असताना डेल्टा आला, तर तो बहुतेकांत कायमचा राहतो आणि सिरॉसिस व यकृताचा कर्करोग लवकर गाठतात.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने जुनाट बी असलेल्या शंभरांपैकी सुमारे पाच जणांना डेल्टा असतो. भारतात तो कमी आढळतो. परंतु बी च्या रुग्णाला एकाएकी कावीळ झाली, किंवा रक्तात बी चे प्रमाण थोडे असूनही यकृताची सूज हटत नसेल, तर डॉक्टरांना डेल्टाच्या तपासणीविषयी अवश्य विचारावे. बी वरची टेनोफोव्हिर गोळी डेल्टावर चालत नाही. तरी ती मनाने बंद करू नये; बी उसळून येतो. डेल्टासाठी इंटरफेरॉनची इंजेक्शने देतात. युरोपात २०२० साली बुलेव्हिर्टाइड हे औषध मंजूर झाले.

सुईबद्दल मात्र संकोच नको. २००९ साली गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सुया पुन्हा वापरल्याने बी ची साथ पसरली आणि अनेकजण दगावले. इंजेक्शन घेताना सुई समोर फोडायला सांगावी. दाढीचे पाते आणि जत्रेतील गोंदणाची सुईही नवीच हवी. एका ताटात जेवल्याने हा रोग होत नाही. रुग्णाची भांडी वेगळी ठेवणे हा निव्वळ अन्याय आहे.

डेल्टाची वेगळी लस नाही. बी चीच लस दोन्हींपासून वाचवते. ज्याला बी आधीच झाला आहे त्याला मात्र तिचा उपयोग नाही. म्हणून घरात एकाला बी निघाला की बाकीच्यांनी रक्त तपासून घ्यावे. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय कार्यक्रमात बी ची तपासणी व औषधे सरकारी केंद्रांत मोफत आहेत. बाळाला जन्मल्यापासून २४ तासांच्या आत पहिला डोस मिळायला हवा. ज्या मोठ्यांनी लस घेतलेली नाही आणि ज्यांचा रिपोर्ट निगेटिव्ह आहे, त्यांना तीन डोस लागतात: पहिला, मग एका महिन्याने, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी तिसरा.