पत्र्याच्या शेडची दुरुस्ती

खिडकीवर, दारावर किंवा पडवीपुढे बसवलेली पत्र्याची शेड पावसाची झड अडवते, भिंतीत ओल मुरू देत नाही आणि उन्हाचा तडाखाही कमी करते. तिच्या दुरुस्तीला मे महिना सर्वांत सोयीचा. त्या वेळी पत्रा कोरडा असतो, रंग नीट धरतो आणि जूनच्या पावसाआधी काम तपासून घेता येते.

पन्हळी पत्र्याचे पेटंट लंडनमध्ये १८२९ साली हेन्री पामर यांनी घेतले. लोखंडावर जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट १८३७ साली फ्रान्समध्ये स्तानिस्लास सोरेल यांनी मिळवले. या दोन गोष्टी एकत्र आल्या आणि आजचा जीआय पत्रा तयार झाला. यातले जस्त दुहेरी काम करते. ते लोखंडाला हवा-पाणी लागू देत नाही, आणि लहानसा ओरखडा पडला तरी आधी स्वतः झिजून लोखंडाला वाचवते. जस्त संपले की मात्र गंज झपाट्याने पसरतो. समुद्राकाठच्या खाऱ्या हवेत हे फार लवकर घडते, म्हणून कोकणात आणि मुंबईत शेडची पाहणी दरवर्षी करावी लागते.

पाहणीची सुरुवात खालून करावी. भर दुपारी शेडखाली उभे राहून वर पाहिले, की बारीक भोकांतून उन्हाचे कवडसे दिसतात. मग नळीने पाणी सोडावे, पण आधी खालच्या कडेला आणि नंतर थोडे थोडे वर सरकत. एकदम वरून पाणी ओतले, तर गळती नेमकी कुठून होते ते कळत नाही. बहुतेक वेळा पत्रा धड असतो. पाणी शिरते ते स्क्रूच्या भोकातून, दोन पत्र्यांच्या जोडातून किंवा भिंतीलगतच्या फटीतून.

प्रत्यक्ष काम सांगाड्यापासून सुरू करावे. लोखंडी अँगलवर हातोडीने हलके ठोकले आणि आवाज बद्द आला किंवा गंजाचे पापुद्रे सुटले, तर तेवढा तुकडा बदलावा. भिंतीतले बोल्ट हलत असतील तर नुसते आवळून भागत नाही. नव्या, भक्कम जागी भोक पाडून ते पुन्हा बसवावे लागतात. उरलेला अँगल तारेच्या ब्रशने घासून त्यावर रेड ऑक्साइड आणि ऑइलपेंटचे दोन हात द्यावेत. वेल्डिंग करण्याआधी जोडाजवळचा जस्ताचा थर घासून काढावा, कारण जळत्या जस्ताच्या धुराने ताप येतो. ग्राइंडरचा कीस पत्र्यावर पडू दिला तर तो तिथेच गंजून डाग पाडतो. काम संपताच तो झाडून टाकावा.

यानंतर स्क्रूंकडे वळावे. तीन मीटर लांबीचा लोखंडी पत्रा ३० अंशांनी तापला, की सुमारे एक मिलिमीटर वाढतो आणि थंड होताच आक्रसतो. या रोजच्या ओढाताणीने भोके मोठी होतात, तर वॉशर उन्हाने कडक होऊन तडकतात. अशा जागी किंचित जाड स्क्रू आणि नवा रबरी वॉशर घालावा. वॉशर जरासा फुगेल इतपतच स्क्रू आवळावा. जास्त आवळला तर रबर चिरडते आणि पत्राही दबतो. पन्हळी पत्र्यात स्क्रू उंचवट्यावर असावा, कारण पाणी खोलगट भागातून वाहते.

पत्रा भिंतीला भिडतो तिथे नुसते सिमेंट थापले, तर पत्र्याच्या हालचालीने ते तडकते आणि ओले सिमेंट जस्तही खाते. त्याऐवजी भिंतीत खाच पाडून पत्र्याची पट्टी आत बसवावी आणि फट सीलंटने भरावी. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारे सिलिकॉन जस्ताला मारक असते, म्हणून न्यूट्रल प्रकारचे घ्यावे.

लहान भोकावर त्याच धातूचे ठिगळ लावावे. ते भोकापेक्षा सर्व बाजूंनी दोन-तीन बोटे मोठे असावे, खाली सीलंट भरावे आणि कडेने रिव्हेट मारावेत. जस्ताच्या पत्र्यावर तांब्याचा तुकडा कधीही लावू नये. दोन धातूंमध्ये पाणी आले की जस्त लवकर झिजते. पत्रा ठिकठिकाणी चाळणीसारखा झाला असेल, तर ठिगळे न लावता तो बदलणेच स्वस्त पडते. नवा जीआय पत्रा गुळगुळीत असल्याने त्यावर साधा रंग टिकत नाही. आधी एच प्रायमर लावावा लागतो.

वाऱ्याचा विचारही तितकाच महत्त्वाचा आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर धडकले, तेव्हा असंख्य घरांचे पत्रे उडाले. वारा शेडच्या खालून शिरून तिला वर उचलतो, त्यामुळे कडेचे स्क्रू जवळजवळ हवेत आणि सांगाडा भिंतीला घट्ट हवा.

काम करणाऱ्याने पत्र्यावर थेट पाय देऊ नये. आधारावर आडवी फळी टाकून तिच्यावरून चालावे. हातमोजे घालावेत, उंचीवर सेफ्टी बेल्ट बांधावा आणि शेडजवळून वीजवाहिनी जात असेल तर पुरवठा बंद करूनच शिडी लावावी. दुरुस्तीनंतर वर साचणारा पालापाचोळा वरचेवर काढत राहिले, तर ओल धरत नाही आणि पत्र्याचे आयुष्य वाढते.