फोटो संपादनाचा मॉनिटर: गैरसमज आणि वस्तुस्थिती

४के मॉनिटर घेतला की फोटोचे रंग बरोबर दिसू लागतात, हा या धंद्यातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. ४के म्हणजे ३८४० गुणिले २१६० पिक्सेल, एकूण सुमारे ८३ लाख. फुल एचडीच्या चौपट. या आकड्यावरून तपशील किती बारीक दिसेल एवढेच कळते. रंग खरा आहे की खोटा, याच्याशी त्याचा काही संबंध नाही. बारामती आणि इंदापूर तालुक्यांत फोटोची कामे साधारण तीन प्रकारची असतात: लग्नाचे अल्बम, एमआयडीसीतल्या कारखान्यांचे कॅटलॉग आणि उजनी धरणाच्या फुगवट्यावर भिगवण, कुंभारगाव भागात टिपलेले पक्षी. तिन्हींत घोळ होतो तो बहुतेक वेळा रंगाचा, क्वचितच पिक्सेलचा.

‘जास्त रंग दाखवणारा मॉनिटर चांगला’ हे अर्धसत्य आहे. भिगवणला येणाऱ्या मोठ्या रोहित पक्ष्याचे अंग जवळजवळ पांढरे असते, त्यावर गुलाबी छटा अगदी पुसट. गडद गुलाबी दिसतो तो पंख उघडल्यावर, काळ्या पिसांच्या वर. रंग भडक करणाऱ्या मॉनिटरवर उभा पक्षीही गुलाबी दिसतो. संपादन करणारा मग रंग उतरवतो आणि छापून आलेला रोहित बगळ्यासारखा पांढराफटक निघतो. चूक पक्ष्याची नसते, कॅमेऱ्याचीही नसते.

याचे कारण रंगपट्ट्यात, म्हणजे दाखवता येणाऱ्या रंगांच्या आवाक्यात आहे. एसआरजीबी हा रंगपट्टा एचपी आणि मायक्रोसॉफ्ट यांनी १९९६ मध्ये मांडला. १९९८ चा अ‍ॅडोबी आरजीबी त्याहून मोठा, पण त्यातली वाढ मुख्यतः हिरव्या आणि निळसर हिरव्या रंगांत आहे. रुंद रंगपट्ट्याच्या मॉनिटरवर रंगव्यवस्थापन न करणारे सॉफ्टवेअर साधा एसआरजीबी फोटो ताणून भडक दाखवते. अल्बम छापणाऱ्या लॅब सहसा एसआरजीबी फाइलच मागतात. तेव्हा हळदीचा पिवळा आणि चुड्याचा हिरवा नीट यावा एवढीच गरज असेल, तर एसआरजीबी जवळजवळ पूर्ण आणि अचूक दाखवणारा आयपीएस पॅनेलचा मॉनिटर पुरतो. चांगल्या कागदावर स्वतः इंकजेट प्रिंट काढणाऱ्याने मात्र अ‍ॅडोबी आरजीबीसाठी जास्त पैसे मोजावेत.

‘प्रिंट काळपट आली, लॅबने घाण केली’ ही तक्रार नेहमीची. पुष्कळदा दोष मॉनिटरच्या ब्राइटनेसचा असतो. नवा मॉनिटर खोक्यातून निघतो तेव्हा त्याचा ब्राइटनेस बहुधा २५० ते ३५० निट्सच्या (उजेड मोजायचे एकक) आसपास असतो; संपादनाला ८० ते १२० निट्स लागतात. एवढ्या झगमगाटात फोटो उजळ भासतो, म्हणून तो गडद केला जातो आणि कागदावर अंधार उतरतो. कागद स्वतः प्रकाश देत नाही. चांगल्या दिव्याखाली पांढरा कोटेड कागद धरावा, पडद्यावर कोरे पांढरे पान उघडावे आणि दोन्ही सारखेच उजळ वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवावा. असा कागद बनवणारा कारखाना भिगवणजवळच आहे, त्यामुळे नमुन्याला तोटा नाही. या उपायाला एक पैसाही लागत नाही, तरी तो फारसा कुणी करत नाही.

‘कारखान्यातूनच कॅलिब्रेट होऊन आला आहे’ हेही कायमचे खरे नसते. सोबतचे प्रमाणपत्र तपासणीच्या दिवसापुरते. वापराबरोबर पडद्याचा रंग आणि उजेड सरकत जातो. डोळ्याने जमवू म्हणावे, तर डोळा दोन मिनिटांत पिवळसर पांढऱ्यालाही पांढरे मानू लागतो. दुसऱ्याकडून आणलेले प्रोफाइलही (मॉनिटरच्या रंगांची मोजणी नोंदवलेली फाइल) चालत नाही, कारण एकाच मॉडेलचे दोन मॉनिटर हुबेहूब सारखे नसतात. पडद्यावर टेकवून रंग मोजणारा कॅलिब्रेटर हाच खरा उपाय. मॉनिटर अर्धा तास तापू द्यावा, नाइट मोड आणि डायनॅमिक कॉन्ट्रास्ट बंद करावा, मग ६५०० केल्विन, गॅमा २.२ आणि शंभर ते एकशेवीस निट्स असे लक्ष्य ठेवून मोजणी करावी. महिन्यातून एकदा पुरते. बारामती एमआयडीसीत पियाजिओच्या कारखान्यात तयार होणाऱ्या व्हेस्पासारख्या वाहनाचा कॅटलॉग करायचा, तर ही मोजणी टाळून भागत नाही. रंगाची छटा हाच तिथे विक्रीचा माल असतो.

आकाराबद्दल थोडक्यात. २७ इंची ४के पडद्यावर इंचाला १६३ पिक्सेल बसतात, त्याच आकाराच्या १४४० ओळींच्या पडद्यावर १०९. विंडोजमध्ये स्केलिंग दीडशे टक्के केल्याने फोटो धूसर होतो, ही भीती खोटी. चांगल्या संपादन सॉफ्टवेअरमध्ये मेनू आणि अक्षरे मोठी होतात, फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवरच राहतो. धोका उलटा आहे. दाट पडद्यावर शंभर टक्क्यांवरही दाणे डोळ्यांना कमी जाणवतात आणि शार्पनिंग जास्त मारले जाते. ते दोनशे टक्क्यांवर तपासावे. बारा बाय छत्तीस इंची अल्बमचे पान ३०० डीपीआयला ३६०० गुणिले १०८०० पिक्सेलचे होते. ते कोणत्याही ४के पडद्यावर मावत नाही, झूम करावेच लागते.

१०-बिट पॅनेल १०७ कोटी छटा दाखवते, ८-बिट १.६७ कोटी, फरक दिसला तर आकाशाच्या उतरत्या रंगात, एरवी नाही. केबल मात्र तपासावी. जुन्या एचडीएमआय १.४ वर ४के चित्र सेकंदाला ३० वेळाच बदलते आणि माऊस अडखळतो, एचडीएमआय २.० किंवा डिस्प्लेपोर्ट १.२ असेल तर ६० मिळतात.

स्टुडिओची भिंत गुलाबी किंवा पोपटी असेल, तर कॅलिब्रेटरही पूर्ण वाचवू शकत नाही. मॉनिटरमागे फिकट राखाडी भिंत असावी, खिडकी बसणाऱ्याच्या पाठीमागे नसावी.

शेवटचा गैरसमज मोबाइलचा. ग्राहक फोनवरच बघणार, मग फोनच्याच रंगाने फोटो जुळवला जातो. प्रत्येक फोनचा रंग वेगळा, आणि व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून छोटा करते. फाइल एसआरजीबीत, प्रोफाइल जोडून द्यावी आणि ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावी.