गाठी बाहेर, पोरंही बाहेर

1 जानेवारी 1877 रोजी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू झाली. त्याच दिवशी दिल्लीत राणी व्हिक्टोरिया हिंदुस्थानची सम्राज्ञी झाल्याची द्वाही फिरली, म्हणून हे नाव. जमशेटजी टाटांनी मुंबई सोडून नागपूर गाठलं, त्यामागचा हिशेब साधा होता. वऱ्हाड-वर्ध्याचा कापूस जवळ, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि मुंबईची रेल्वे 1867 मध्येच येऊन पोहोचलेली.

नागपूरच्या विकासावर कुणीही बोलायला उभा राहिला की हीच गोष्ट सांगतो आणि इथेच थांबतो. खरी गोष्ट याच्या पुढे आहे. मोक्याची जागा असूनही पहिली यंत्रं स्वस्तातली निघाली, सूत कमअस्सल निघू लागलं. मग यंत्रं बदलली. बेझनजी मेहता हे व्यवस्थापक रेल्वेच्या माल खात्यातून आलेले, गिरणीतलं त्यांना काही ठाऊक नव्हतं. पण 1880 च्या दशकात, विलायतेतल्या यंत्रवाल्यांनाच खात्री नव्हती तेव्हा, त्यांनी सूतकताईच्या नव्या रिंग चात्या चालवून दाखवल्या. कामगार दांड्या मारत, तर दंड वाढवण्याऐवजी बक्षिसं सुरू झाली, 1886 मध्ये पेन्शन फंड आला. जागेने गिरणी आणली, टिकवली मात्र डोक्याने.

पुढे नेमकं तेच आटलं. यंत्रं जुनी झाली, पॉवरलूमचं स्वस्त कापड बाजारात आलं, 1986 मध्ये मिल राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि 2002 मध्ये बंद पडली. मिलच्या जागेवर आज मॉल आहे. त्याआधी 1956 मध्ये शहराचं मध्य प्रदेशची राजधानी असणंही गेलं होतं.

कोइम्बतूरच्या गिरण्यांनाही वाईट दिवस आले, पण तिथे गिरण्यांच्या आसऱ्याने विजेच्या मोटरी, पंप आणि यंत्रांचे सुटे भाग बनवणारे कारखाने उभे राहिले होते. सूत मंदावलं तरी पंप चालले. नागपुरात गिरणीभोवती वस्त्या वाढल्या, असे कारखाने फारसे वाढले नाहीत. भोंगा थांबला तेव्हा फिटरला जायला दुसरं दार नव्हतं.

नागपूर विमानतळालगतचा मिहान हा उद्योग-प्रकल्प त्यावरचं उत्तर मानला गेला. 2002 मध्ये त्यासाठी महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनी स्थापन झाली. बोइंगने उभारलेलं विमान दुरुस्ती केंद्र 2015 मध्ये एअर इंडियाकडे आलं, विमानाचे भाग बनू लागले, संगणक कंपन्या आल्या. हे काम कमी नाही. पण भाषणात पुन्हा तेच: देशाचा मध्य, झिरो माइल. देशाच्या मध्यावर गोदाम छान चालतं, हे खरं. 2017 च्या जीएसटीनंतर तर अधिकच. मात्र गोदामाला एकरी माणसं थोडी लागतात. 701 किलोमीटरचा नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गही दोन्ही बाजूंनी चालतो. इकडचा माल मुंबईला जसा लवकर पोहोचतो, तसा तिकडचा तयार मालही इकडे लवकर येतो.

मला मिहानपेक्षा नागपूरजवळचं बाजारगाव जास्त बोलकं वाटतं. भोवतालच्या कोळसा खाणींना सुरुंगाची स्फोटकं लागतात, त्या गरजेतून 1995 मध्ये सोलार इंडस्ट्रीज सुरू झाली आणि आज बाजारगावच्या कारखान्यातून सैन्याला हातगोळे नि दारूगोळा पुरवते. गरज इथली, कसब इथे मुरलेलं. अर्थात डिसेंबर 2023 मध्ये याच कारखान्यातल्या स्फोटात नऊ जण गेले, त्यांत सहा बाया. रोजगार मोजताना हाही आकडा त्याच पानावर लिहायला हवा.

कापसाचं काय? केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 पासून नागपुरात आहे. 1942 साली, मँगनीज खाणींत कमावलेल्या रावबहादूर लक्ष्मीनारायण यांच्या देणगीतून निघालेली लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी (एलआयटी) आहे. तरी नागपूरजवळच्या बुटीबोरी औद्योगिक वसाहतीतला धाग्याचा बडा कारखाना पॉलिएस्टरचा! विदर्भातल्या जिनिंगमधून गाठी बांधून दक्षिणेकडे रवाना होतात. एलआयटीतून शिकलेली पोरं पुण्याला. अमरावतीजवळ नांदगावपेठेला पीएम मित्र वस्त्रोद्योग पार्कचं भूमिपूजन सप्टेंबर 2024 मध्ये झालं आहे. तिथे सुताबरोबर रंगाई, शिलाई आणि यंत्रदुरुस्ती आली, तरच पैसा इथे फिरेल. नुसती कताई आली तर गाठींऐवजी सुताचे कोन बाहेर जातील, इतकाच फरक.

तेव्हा पुढच्या वेळी कुणी नेता हजारो कोटींचे करार वाचून दाखवू लागला, की नागपूरकरांनी एवढंच विचारावं: मिहान आणि बुटीबोरीतल्या प्रत्येक भूखंडावर एकरी किती कायम कामगार आहेत, याची यादी दरवर्षी जाहीर करा, आणि वर्षानुवर्षं रिकामे पडलेले भूखंड परत घेऊन इथल्याच लहान वर्कशॉपवाल्यांना द्या.