धानाच्या बांधीपर्यंतचे डिझेल

गोंदिया जिल्ह्यात रोवणीपूर्वी बांध्यांत चिखलणी करणारा ट्रॅक्टर, दिवाळीच्या सुमारास कापणी-मळणीला येणारा हार्वेस्टर आणि धान राईस मिलपर्यंत पोहोचवणारा ट्रक, तिन्ही डिझेलवर चालतात. त्या डिझेलचा दर ठरायला सुरुवात होते ती बंदरात उतरणाऱ्या कच्च्या तेलापासून.

भारत आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून आणतो. मुंबई हायमध्ये १९७४ साली तेल सापडले, १९७६ पासून ते निघू लागले. पण देशाची भूक त्या साठ्याच्या कितीतरी पुढे गेली आहे. खरेदी बॅरलने आणि बहुतांशी डॉलरमध्ये होते. एका बॅरलमध्ये १५९ लिटर तेल मावते. त्यामुळे तेलाचा भाव स्थिर असतानाही रुपया घसरला की आयात महाग पडते.

कच्चे तेल आणि डिझेल यांतला फरक धान उत्पादक जिल्ह्याला समजावून सांगावा लागत नाही. धान भरडले की केवळ तांदूळ मिळत नाही. कनकी, कोंडा आणि तूसही निघते. शुद्धीकरण कारखान्यात कच्चे तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात, तेव्हा त्यातून स्वयंपाकाचा गॅस, पेट्रोल, रॉकेल, डिझेल आणि तळाशी डांबर असे सगळेच वेगळे होते. फक्त डिझेल हवे म्हणून बाकीचे टाळता येत नाही. धानाच्या वाणाप्रमाणे कनकीचे प्रमाण बदलते, तसेच तेलाचेही आहे. हलक्या तेलातून पेट्रोल-डिझेल सहज निघते. जड, गंधकयुक्त तेल स्वस्त असते, पण त्याला महागडी यंत्रसामग्री लागते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ इंधन सक्तीचे झाले आणि गंधकाची मर्यादा दशलक्ष भागांत ५० वरून १० भागांवर आली. गंधक काढायला हायड्रोजन लागतो, आणि तो बनवण्याचा खर्च इंधनावरच पडतो.

या साऱ्या प्रक्रियेची ‘भरडाई’ म्हणजे कच्चे तेल आणि तयार इंधन यांच्या भावांतील फरक. तो कच्च्या तेलाच्या मागे निमूटपणे चालत नाही. २०२२ साली युक्रेन युद्धानंतर रशियन पुरवठ्याची घडी विस्कटली, तेव्हा जगभर डिझेल कच्च्या तेलापेक्षाही झपाट्याने महागले. तेल होते, पण त्याचे डिझेल करून देणारे कारखाने पुरेसे नव्हते.

महाराष्ट्रातले माहुलचे दोन जुने कारखाने १९५४ आणि १९५५ पासून चालू आहेत. त्यानंतर मध्य प्रदेशातील बीना येथे २०११ साली आणि ओडिशातील पारादीप येथे २०१६ साली कारखाने आले. पारादीपहून रायपूरपर्यंत इंधनाची पाइपलाइनही आहे. मात्र कारखाना जवळ आला म्हणून मूळ दर उतरत नाही. रंगराजन समितीने २००६ साली सुचवल्याप्रमाणे मूळ दराचा ८० टक्के भाग आयातीच्या आणि २० टक्के निर्यातीच्या भावावर बेतला गेला. अंतराचा परिणाम होतो तो डेपोपासून पंपापर्यंतच्या टँकरभाड्यावर, आणि समुद्रापासून दूर असलेल्या जिल्ह्याला ते सोसावे लागते.

यावर केंद्राचे उत्पादन शुल्क, विक्रेत्याचे कमिशन आणि राज्याचा व्हॅट चढतो. पेट्रोल-डिझेल जीएसटीबाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा कर वेगळा असतो. म्हणून गोंदियाहून बालाघाट किंवा राजनांदगावच्या हद्दीत शिरताच दर बदलतो. मे २०२० मध्ये जगात तेल मातीमोल झाले असताना केंद्राने शुल्क पेट्रोलवर १० आणि डिझेलवर १३ रुपयांनी वाढवले. ती स्वस्ताई पंपापर्यंत आलीच नाही.

कागदोपत्री पेट्रोलचे दर जून २०१० पासून आणि डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून नियंत्रणमुक्त आहेत. जून २०१७ पासून ते रोज बदलू शकतात. प्रत्यक्षात भारताच्या आयात तेलाचा सरासरी भाव जून २०२२ मध्ये बॅरलला सुमारे ११६ डॉलर होता आणि वर्षभरात तो सुमारे ७५ वर आला. आधी तेल कंपन्यांनी तोटा सोसला, नंतर तो भरून काढला आणि पुढे मोठा नफाही मिळवला. पंपावरचा दर मात्र मार्च २०२४ मध्ये लिटरमागे केवळ २ रुपयांनी उतरला. कच्चे तेल स्वस्त झाले त्या २०२३ च्या हंगामात चिखलणीच्या खर्चात शेतकऱ्याला त्याचा दिलासा मिळाला नाही.