तंबू कुठे ठोकावा? नदीकाठी की डोंगरमाथ्यावर?

अमेरिकेचा ‘मिडवेस्ट’ म्हटला, की डोळ्यांपुढे उभी राहतात ती क्षितिजापर्यंत पसरलेली मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेते. परंतु विस्कॉन्सिन, मिनेसोटा, आयोवा आणि इलिनॉय ही चार राज्ये मिसिसिपी नदीच्या दुतर्फा जेथे एकमेकांना भेटतात, तेथे हे चित्र एकाएकी पालटते. उंच कडे, गर्द झाडीने भरलेल्या दऱ्या, वळणावळणांनी वाहणाऱ्या नद्या आणि थंडगार पाण्याचे झरे असलेला हा मुलूख उन्हाळ्याच्या सुटीत तंबूंच्या मुक्कामासाठी प्रसिद्ध आहे. शिकागो, मिनिआपोलिस, मॅडिसन या शहरांतून शनिवार-रविवार गाठून येणाऱ्या कुटुंबांत मराठी कुटुंबेही असतात आणि मे-जूनमध्ये मुला-मुलींकडे गेलेले आई-वडीलही पुष्कळदा त्यांच्यासोबत असतात.

मुक्कामाची जागा निवडताना बहुतेकांची नजर पहिल्यांदा जाते ती छायाचित्रांकडे. तंबूच्या दारातून दिसणारी नदी कोणाला नको असते? मात्र या प्रदेशात छायाचित्राआधी पाहायला हवा तो जमिनीचा उतार. नदीपासून आपला तंबू किती उंचीवर आहे आणि रात्री पाणी वाढलेच तर बाहेर पडायला रस्ता कोणता, या दोन प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावरच बाकीच्या सोयी-गैरसोयींचा विचार करणे श्रेयस्कर ठरते.

हिमनद्यांनी वगळलेली भूमी

भूगोलाच्या पुस्तकांत या भागाला ‘ड्रिफ्टलेस एरिया’ असे नाव आहे. हिमयुगात उत्तरेकडून सरकत आलेल्या अवाढव्य हिमनद्यांनी मिडवेस्टचा बहुतांश भाग जणू रंधा मारून सपाट केला आणि वितळताना मागे दगड, वाळू, माती यांचा थर सोडला. या थराला ‘ड्रिफ्ट’ म्हणतात. अखेरच्या हिमयुगात या तुकड्याला मात्र हिमनद्यांनी वळसा घातला. त्यामुळे येथील जुने डोंगर व दऱ्या शिल्लक राहिल्या. पुढे हिम वितळले तेव्हा पाण्याच्या प्रचंड लोंढ्यांनी मिसिसिपी आणि विस्कॉन्सिन नद्यांची खोरी आणखी खोल कोरली. आज मिसिसिपीकाठचे कडे अनेक ठिकाणी पात्रापासून सुमारे ५०० फूट उंच आहेत.

या घडणीचा एक परिणाम असा, की शेजारच्या भागांत हजारोंनी आढळणारी नैसर्गिक तळी येथे जवळपास नाहीत. पडलेले पाणी साठवून ठेवणारे खोलगट भाग नसल्याने ते तीव्र उतारांवरून थेट अरुंद दऱ्यांत उतरते. एरवी गुडघाभर असणारा, ट्राउट माशांसाठी नावाजलेला एखादा ओढा म्हणूनच काही तासांत रौद्र रूप धारण करू शकतो.

रात्रीचा पाऊस

मिडवेस्टच्या उन्हाळी पावसाची आणखी एक खोड ध्यानात ठेवण्यासारखी आहे. येथील मोठी गडगडाटी वादळे अनेकदा सायंकाळी पश्चिमेकडे जन्म घेतात आणि रात्रभर पूर्वेकडे सरकत राहतात. सर्वांत मुसळधार सरी कोसळतात त्या बहुधा मध्यरात्रीनंतर, म्हणजे नेमक्या पर्यटक तंबूत गाढ झोपलेले असताना.

ऑगस्ट २००७ मध्ये आग्नेय मिनेसोटात याचा प्रत्यय आला. होका या गावी २४ तासांत १५.१ इंच, म्हणजे सुमारे ३८४ मिलिमीटर पाऊस झाला. राज्यातील तो विक्रम ठरला. त्या पुरात मिनेसोटात सात जणांचे प्राण गेले. पर्यटकांच्या आवडत्या व्हाइटवॉटर स्टेट पार्कमधील रस्त्यांची व पुलांची मोठी हानी झाली आणि मुक्कामाला आलेल्यांना हलवावे लागले.

विस्कॉन्सिनमधील किकापू नदीचा इतिहास तर अधिकच बोलका आहे. १९७८ च्या पुरानंतर सोल्जर्स ग्रोव्ह गावाने आपली बाजारपेठच उचलून उंचावर नेली. गेज मिल्स या गावाला ऑगस्ट २००७ आणि जून २००८ अशा लागोपाठच्या दोन पुरांचा तडाखा बसला आणि त्याच्याही एका भागाचे उंच जागी पुनर्वसन झाले. २७ ऑगस्ट २०१८ च्या रात्री झालेल्या अतिवृष्टीत कून क्रीक आणि वेस्ट फोर्क किकापू यांच्या खोऱ्यांतील पूरनियंत्रणाचे पाच छोटे बंधारे फुटले. ज्या नदीकाठावरून गावांनाही माघार घ्यावी लागली, तेथे कापडी तंबूने निर्धास्त राहू नये, हे सांगायला तज्ज्ञाची गरज नाही.

मुक्कामाची जागाच घातक ठरू शकते, याची उदाहरणे मिडवेस्टबाहेरही आहेत. ११ जून २०१० रोजी पहाटे अर्कान्सासच्या डोंगराळ भागातील अल्बर्ट पाइक या तंबूतळावर लिटल मिसुरी नदीचे पाणी काही तासांत सुमारे २० फुटांनी चढले आणि २० जणांना जलसमाधी मिळाली. ४ जुलै २०२५ रोजी टेक्सासमध्ये ग्वादालूपे नदीच्या पुरात मुलींच्या एका उन्हाळी शिबिरातील २७ मुली व मार्गदर्शिका मृत्युमुखी पडल्या. प्रदेश वेगळे असले तरी डोंगराळ भूमी, अरुंद खोरे आणि अपरात्रीचा पाऊस हे समीकरण तेच होते.

मोठी नदी, छोटी नदी

सर्वच नदीकाठ सारखे धोकादायक असतात, असे मात्र नाही. मिसिसिपीसारखी महानदी सावकाश वाढते. तिचे मोठे पूर बहुधा वसंतात, उत्तरेकडील बर्फ वितळल्यावर येतात. एप्रिल १९६५ चा पूर हा वरच्या मिसिसिपीवरील अनेक ठिकाणी आजही उच्चांक मानला जातो. एप्रिल २०२३ मध्येही नदी बरीच चढली होती. अशा पुराचा अंदाज कित्येक दिवस आधी जाहीर होतो. काठावरील तळ वेळेवर बंद केले जातात. तेथे पर्यटकाचे नुकसान होते ते मुख्यतः बेत फसण्याचे. याउलट किकापू, व्हाइटवॉटर किंवा एखादा निनावी ओढा यांच्या बाबतीत हाती असतात फक्त काही तास, कधी तेवढेही नाहीत.

विस्कॉन्सिन नदीची गोष्ट आणखी निराळी. प्रेअरी दु सॅक येथील धरणापासून मिसिसिपीच्या संगमापर्यंत सुमारे ९२ मैल ही नदी कोठेही अडवलेली नाही. होडीने जायचे आणि पात्रातील वाळूच्या बेटावर तंबू ठोकायचा, ही येथील जुनी रीत. सार्वजनिक वाळूपट्ट्यांवर तीन दिवसांपर्यंत विनापरवाना राहता येते. काचेच्या बाटल्या नेण्यास मात्र बंदी आहे. वरच्या धरणातून पाणी सोडले, की ही बेटे आक्रसतात. म्हणून तंबू बेटाच्या सर्वांत उंच भागावर असावा आणि होडी पक्की बांधलेली असावी. वाळूच्या कडेला पाणी एकदम खोल होते. लहान मुलांना जीवरक्षक जाकिटाशिवाय पाण्यात सोडणे धोक्याचे ठरते.

माथ्यावरच्या जागा

ज्यांना पुराची चिंता नको आणि देखावाही हवा, त्यांच्यासाठी येथे उत्तम पर्याय आहेत. विस्कॉन्सिन आणि मिसिसिपी यांच्या संगमावरील वायलुसिंग स्टेट पार्कमध्ये तंबूंच्या काही जागा थेट कड्याच्या माथ्यावर आहेत. १७ जून १६७३ रोजी मार्केट आणि जोलिए हे फ्रेंच प्रवासी याच संगमातून मिसिसिपीत उतरले. समोरच्या तीरावर, आयोवात, मॅकग्रेगरजवळ पाइक्स पीक स्टेट पार्क आहे. तेथूनही संगमाचे दर्शन घडते. जवळच असलेल्या एफिजी माउंड्स या राष्ट्रीय स्मारकातील पशुपक्ष्यांच्या आकाराचे प्राचीन मातीचे उंचवटे अवश्य पाहावेत. मात्र तेथे मुक्कामाची परवानगी नाही. किकापूवर होडी चालवण्याचा आनंद हवा असेल, तर वाइल्डकॅट माउंटन स्टेट पार्कचा तळ सोयीचा आहे. दिवसा नदीवर आणि रात्री डोंगरावर, अशी विभागणी तेथे साधता येते.

अर्थात माथाही सर्वस्वी निर्धोक नसतो. तेथे वारा अधिक लागतो आणि विजेचे भय असते. तंबू विजेपासून कोणतेही संरक्षण देत नाही. गडगडाट ऐकू येताच पक्क्या इमारतीत किंवा धातूचे छत असलेल्या मोटारीत, काचा बंद करून बसावे. तंबूवर वाळलेल्या फांद्या तर झुकलेल्या नाहीत ना, हेही पाहावे. ‘एमराल्ड अ‍ॅश बोरर’ या किड्याने या भागातील अ‍ॅशची असंख्य झाडे मारली आहेत आणि मेलेली झाडे वादळात सहज कोसळतात. शिवाय मिसिसिपीच्या दोन्ही काठांनी मालगाड्यांचे लोहमार्ग गेले आहेत. त्यांचा आवाज रात्री कड्यापर्यंत पोहोचतो. झोप सावध असणाऱ्यांनी याची तयारी ठेवावी.

दरीत राहायचेच असेल तर

दरीतल्या मुक्कामाचे सुखही नाकारण्यासारखे नाही. उन्हाळ्याच्या काहिलीत तेथे गारवा असतो, ओढ्याचा खळखळाट असतो. झऱ्यांच्या वाहत्या पाण्यामुळे व्हाइटवॉटरसारख्या ठिकाणी डासही कमी असतात. असा तळ निवडताना काही गोष्टी पारखून घ्याव्यात.

तळाच्या नकाशावर नदीला लागून असलेली जागा न घेता डोंगराच्या बाजूची, उंचावरची जागा मागावी. पोहोचल्यावर झाडांच्या बुंध्यांकडे पाहावे. फांद्यांत अडकलेला काडीकचरा, वाळलेला गाळ मागचे पाणी कुठवर आले होते ते सांगतो. तळाला येणारा रस्ता ओढ्यावरील एकाच पुलावरून जात असेल, तर पायी उंचावर जाण्याची वाट दिवसाउजेडी पाहून ठेवावी. वाहते पाणी अवघे सहा इंच असले तरी प्रौढ माणसाचे पाय उखडते आणि फूटभर पाणी लहान मोटार वाहून नेते. म्हणून पाण्याखालचा रस्ता मोटारीने ओलांडण्याचे धाडस कधीही करू नये.

या दऱ्यांत मोबाइलला अनेक ठिकाणी संपर्क मिळत नाही, त्यामुळे फोनवरील इशाऱ्यावर विसंबता येत नाही. अमेरिकेच्या हवामान खात्याचे इशारे ऐकवणारा, बॅटरीवर चालणारा ‘वेदर रेडिओ’ सोबत असणे शहाणपणाचे आहे. या रेडिओवरील इशारे काउंटीच्या, म्हणजे तेथील जिल्ह्याच्या नावाने दिले जातात. परगावच्या माणसाला नेमके तेच ठाऊक नसते. आपण कोणत्या काउंटीत मुक्कामाला आहोत आणि नदीच्या वरच्या अंगाला कोणती काउंटी आहे, ही दोन नावे कागदावर लिहून ठेवावीत. आपल्या डोक्यावर चांदणे असले तरी वरच्या काउंटीतला पाऊस काही तासांनी आपल्या दारी येऊ शकतो.

आरक्षण आणि इतर सोयी

चांगल्या, उंचावरच्या जागा लवकर संपतात. सध्याच्या नियमांनुसार विस्कॉन्सिनच्या सरकारी उद्यानांत ११ महिने, मिनेसोटात १२० दिवस आणि आयोवात तीन महिने आधी आरक्षण करता येते. विस्कॉन्सिन व मिनेसोटात मुक्कामाच्या भाड्याखेरीज मोटारीचा प्रवेश परवाना वेगळा घ्यावा लागतो. ज्येष्ठ मंडळी सोबत असतील, तर विजेची जोडणी असलेली आणि स्वच्छतागृहाजवळची जागा घ्यावी. प्रत्येक तळावर गरम पाण्याची न्हाणीघरे असतातच असे नाही.

सरपण घरून नेऊ नये. लाकडातून झाडांची कीड पसरते. विस्कॉन्सिनच्या सरकारी उद्यानांत दहा मैलांच्या आतील किंवा प्रमाणित लाकूडच चालते. गवतातून फिरून आल्यावर अंगावर गोचीड आहे का, ते रोज तपासावे. येथील हरणांवरच्या गोचिडींमुळे ‘लाइम’ हा आजार होतो. गोचीड २४ तासांच्या आत काढून टाकल्यास त्याचा संभव बराच कमी होतो. रस्त्याकडेच्या पिवळ्या फुलांच्या रानटी पार्सनिपला हात लावू नये. त्याचा चीक लागलेल्या त्वचेवर ऊन पडले, की भाजल्यासारखे फोड येतात. कड्यांच्या कपारींत खुळखुळ्या सापही राहतो. तो दिसल्यास दूर व्हावे. वाट दिल्यास तो सहसा त्रास देत नाही.

मुक्कामाला पोहोचल्यावर चूल पेटवण्याआधी कुटुंबाने दहा मिनिटे तळाभोवती एक फेरी मारावी. पाणी कुठे आहे, चढण कुठे आहे, पक्की इमारत कुठे आहे, हे लहान मुलांनाही दाखवावे. मोटार बाहेर जाण्याच्या दिशेने तोंड करून उभी करावी आणि किल्ली ठरलेल्या जागी ठेवावी. बहुतेक रात्री यातल्या कशाचीही गरज पडणार नाही. ओढा रात्रभर खळखळत राहील आणि सकाळी दरीत धुके भरलेले दिसेल. मात्र जेव्हा गरज पडते, तेव्हा ही तयारी करायला वेळ उरलेला नसतो.