कात्रज ते सिंहगड : शहरातली माणसं डोंगरात वाट का चुकतात?

शनिवारी रात्री दहा-अकराच्या सुमारास जुन्या कात्रज बोगद्यापाशी थांबलं, तर पाठीला पिशव्या आणि कपाळाला बॅटऱ्या बांधलेली पोरंपोरी वाघजाईच्या देवळाजवळून डोंगर चढताना दिसतात. चांदणं असलं की गर्दी जास्त. रात्रभर चालायचं, उजाडता सिंहगड गाठायचा, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही खायचं आणि गाडीनं घरी, असा बेत असतो. शहरातले लोक याला 'के टू एस' म्हणतात. १६६३ साली शाहिस्तेखानावर छापा घातल्यावर याच कात्रज घाटात बैलांच्या शिंगांना पलिते बांधून मोगलांना चुकवलं, ही गोष्ट सगळ्यांनाच ठाऊक आहे. आता डोक्याला दिवे बांधलेली माणसं स्वतःच चुकतात, एवढाच काय तो फरक.

डोंगराखालच्या वाड्यांना ही गर्दी नवी नाही. कुणी चुकलं की हाका त्यांनाच ऐकू येतात आणि काठी-बॅटरी घेऊन वर जावं लागतं तेही त्यांनाच. म्हणून माणूस नेमका कुठं चुकतो आणि का, हे गावातल्या पोरांना माहीत असलेलं बरं. जुन्या माणसांना ते सांगावं लागत नव्हतं. पोरांना सांगावं लागतं, कारण गुरांमागं डोंगरात जाणारी पोरं आता फार थोडी राहिली.

ही वाट भुलेश्वर डोंगररांगेच्या धारेवरून जाते. अंतर साधारण १५ किलोमीटर. मधल्या टेकड्या कोणी तेरा मोजतो, कोणी सोळा. पुणे शहर समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर आणि सिंहगड १३१२ मीटरवर, म्हणजे चढ साडेसातशे मीटरचा, असा हिशोब नवखा माणूस करतो. पण ही वाट एकदा चढून सपाट होत नाही. प्रत्येक टेकडी चढायची, पलीकडं खिंडीत उतरायचं, पुन्हा पुढची चढायची. वाटेत भरवशाचं पाणी नाही आणि दिवसा सावलीही नाही. पहिल्या चार-पाच टेकड्या गप्पा मारत जातात. निम्म्यानंतर पाय बोलायला लागतात, बाटली रिकामी होते आणि मग एखाद्याला वाटतं, वर कशाला जायचं, खाली गावाचे दिवे दिसतातच की, सरळ उतरू.

घात होतो तो इथं.

सह्याद्रीचा डोंगर लाव्हारसाच्या थरांवर थर साचून झालाय. कठीण काळ्या कातळाचा थर, मग ठिसूळ मुरमाड थर, त्याखाली पुन्हा कातळ. ठिसूळ थर झिजून त्याचा उतार होतो आणि कातळ तुटून त्याचा कडा होतो. डोंगर खालून बघितला तर हे पट्टे स्वच्छ दिसतात. वरून मात्र फक्त गवताचा उतार दिसतो आणि त्याच्या पुढं एकदम गावाचे दिवे. मधला कडा दिसतच नाही. माणूस मुरमावरून घसरत-बसत उतरतो आणि कड्याच्या तोंडाशी येऊन थांबतो. पुढं जाता येत नाही. मागं चढावं तर पायाखालचा मुरूम सुटतो. अडकलेला माणूस बहुतेक वेळा असा मध्येच सापडतो.

ओढ्याचंही तसंच. 'पाण्याच्या मागं जा, गाव सापडतं' असं मैदानातलं शहाणपण आहे. डोंगरातलं पाणी कड्यावरून उडी मारतं, माणसाला ती मारता येत नाही. घळीत शिरलं की मोबाईलची रेंजही जाते. म्हणून चुकलेल्यानं खाली नाही, वर जायचं. आलेल्या वाटेनं परत धारेवर. धारेवर रेंज असते, वारा असतो आणि दोन्ही बाजू दिसतात.

दुसरी चूक ढोरवाटेची. गुरांच्या पायानं पडलेली वाट आणि माणसाची वाट नवख्याला सारखीच दिसते. ढोरवाट उताराला आडवी जाते, थोड्या-थोड्या अंतरावर फुटते आणि गवत किंवा पाणी आलं की तिथंच संपते. गुराला गावाला जायची घाई नसते. फांद्या गुडघ्या-कमरेच्या वर मोकळ्या नसतील, वाकून जावं लागत असेल, तर ती वाट बहुधा ढोरांची. माणसाची वाट खिंडीचा रोख धरून जाते. तिच्यावरचे दगड पायांनी गुळगुळीत झालेले असतात आणि अवघड जागी कुणीतरी कधीतरी पायरी केलेली असते.

आता यात आणखी एक भर पडलीय. गुरं कमी झाली तशा बऱ्याच वाटा बुजल्या. पावसाळ्यानंतर, दसऱ्याच्या आसपास, गवत कमरेएवढं होतं आणि वाट खाली असूनही दिसत नाही. मोबाईलच्या नकाशात कुणी मागच्या उन्हाळ्यात चाललेली रेघ असते. रेघ खरी असते, पण पायाखाली काय आहे ते रेघेला कळत नाही. फेब्रुवारीपासून गवत वाळून पडलं की वाट दिसते, पण मुरूम मोकळा होऊन उतार निसरडा होतो. पावसात कातळावर शेवाळ आणि वर धुकं. थोडक्यात, सोपा महिना असा एकही नाही. त्यातल्या त्यात थंडीचे दिवस बरे.

गावातली काही पोरं वाटाड्या म्हणून जातात, चार पैसे मिळतात, चांगलंच आहे. पण माणसं निघताना मोजावीत आणि प्रत्येक खिंडीत पुन्हा मोजावीत. सगळ्यात हळू चालणारा पुढं ठेवावा, मागं नाही. माणशी तीन लिटर पाणी नसेल तर सरळ नाही म्हणावं, पैसे बुडाले तरी. आग्या मोहळाच्या कड्याखाली विडी-सिगारेट, अत्तराचा फवारा, आरडाओरडा काही नको. साप चावला तर कापायचं नाही, आवळून बांधायचं नाही. माणसाला चालवत न नेता उचलून खाली आणायचं आणि सरकारी दवाखाना गाठायचा. सापाच्या विषावरचं इंजेक्शन तिथं मिळतं. भोंदूकडं नेण्यात गेलेला अर्धा तास परत मिळत नाही.

वणव्याचंही सांगायला हवं, कारण त्याचा आळ आधी गावावर येतो. जाळलं की पुढच्या साली गवत चांगलं येतं ही समजूत अजून आहे. वर आलेला हिरवा कोंब दिसतो, पण जळालेलं बी, मेलेली रोपं आणि पहिल्या पावसात वाहून गेलेली माती दिसत नाही. राखीव वनात आग लावणं भारतीय वन अधिनियम १९२७ नुसार गुन्हा आहे, तुरुंगवासही होऊ शकतो. शहरातल्यानं टाकलेलं थोटूक असो की गावातल्यानं लावलेली काडी, कलम एकच.

रात्री कुणी अडकल्याचा फोन आला तर आधी ११२ ला कळवावं. मग अडकलेल्याला सांगावं की आहे तिथंच बस, हलू नको, व्हॉट्सॲपवर जागा पाठव आणि बॅटरी वाचव. एकाच्या फोनवर बोलायचं, बाकीच्यांनी आपले बंद ठेवायचे. वर जाणारे दोघांपेक्षा कमी नसावेत आणि त्यातला एक तरी त्या बाजूला गुरं राखलेला असावा. या भागात बिबट्या आहे, तेव्हा बोलत जावं.

वाटा साफ करायच्या असतील तर वनरक्षकाला आधी विचारावं, राखीव वनात मनानं फांदीसुद्धा तोडता येत नाही. दगडावर रंगानं बाण काढायचा तर तोही विचारूनच. आणि बाण वाटेकडंच काढावा, आपल्या चहाच्या टपरीकडं नाही.